स्टिअरिंगवरचं बोट

आयर्लंडच्या किनाऱ्यावर, कड्यालगतच्या अरुंद रस्त्यानं सहलीची बस नेताना फर्गल माइकवरून सांगत होता, “इथं समोरून कोणीही येवो, स्टिअरिंगवरून एक बोट उचलायचं. ओळख असो वा नसो. न उचलणारा एकतर परका, नाहीतर रुसलेला!” पर्यटकांना खेळच मिळाला. पोस्टमन, दूधवाला, पाद्रीबाबा, प्रत्येकासाठी चाळीस बोटं उठू लागली. वळणावर समोरून ट्रॅक्टर आला. ट्रॅक्टरवर फर्गलचा थोरला भाऊ होता. घरची मेंढरं सोडून फर्गलनं बसची नोकरी धरली, तेव्हापासून नऊ वर्षं भावाचं बोट त्याच्यासाठी उठलं नव्हतं. फर्गलनं रोजच्यासारखं उचललं. भावानं रोजच्यासारखं समुद्राकडे तोंड फिरवलं. पण मागची चाळीस बोटं उठलेलीच राहिली. डोळ्याच्या कोपऱ्यातून ती दिसली आणि भावाला हसू आवरेना. त्याचंही बोट उठलं. ट्रॅक्टरच्या केबिनची काच सरकवून तो ओरडला, “मेंढरं सोडलीस ना रे? मग गाडीत ही कोणती भरलीस?”