सामनचे डोहाळे

"मले सामन खावासा वाटते," पोटुशी वच्छला माहेरी आल्या आल्या म्हणाली, आणि तिच्या बापाच्या, इस्तारीच्या तोंडचं पाणी पळालं.

सामन ही साहेबाची मासोळी. माजरीच्या खाणीवर गोरा साहेब होता, तेव्हा इस्तारी त्याच्या बंगल्यावर वर्धा नदीतले मासे पोचवी. साहेब ते ठेवून घेई, पण जीव त्याचा विलायतेहून आलेल्या डब्यातल्या सामनवर. एकदा लहानग्या वच्छलालाही त्याने तुकडा दिला होता. तो रिकामा डबा अजून घरात होता. त्यात इस्तारीची जाळं विणायची सुई पडून होती.

पडूनच होती. गेल्या साली भाऊ पोचू तापाने गेला, आणि दोघांचा डोंगा काठावर पालथा पडला. पोचूबिगर नदी खायला उठते, म्हणून इस्तारीने जाळं खुंटीला टांगलं. ढिवराच्या घरी विकतची मासोळी शिजू लागली. बाप ओट्यावर बसून नुसता वाळून राह्यला, असा निरोप गोकुळाने लेकीला धाडला होता.

पण डोहाळे म्हणजे डोहाळे. पुरवले नाहीत तर बाळाचा कान फुटतो, हे कोणाला ठाऊक नाही? इस्तारी माजरीला गेला. नवा साहेब शाकाहारी निघाला. मग चांद्याला गेला. दुकानदार म्हणाला, सामान पाहिजे तेवढं देतो, सामन नाही.

तो रिकाम्या हाताने परतला, तेव्हा चुलीवर विकतची मासोळी होती. वच्छला नाकाला पदर लावून बाहेर दारात बसली होती. सासरी जाऊन पोर फार लाजरी झाली, असं त्याला वाटलं.

सकाळी त्याने डब्यातली सुई काढली, फाटलेलं जाळं सांधलं आणि डोंगा सुलटा केला. दुपारी रोहू घेऊन आला. सामनचं मांस तांबूस असतं, म्हणून गोकुळाने होळीची उरलेली पळसफुलं उकळून त्या पाण्यात तुकडे शिजवले. ना तेल, ना तिखट. इस्तारीने ते साहेबाच्या जुन्या डब्यात भरले.

"चांद्याहून मागवला," तो म्हणाला. खोटं बोलायची सवय नव्हती, नजर जमिनीवरच राहिली.

वच्छलाने डबा पुसून खाल्ला. "हाच तो, बाबा."

इस्तारीचा जीव भांड्यात पडला. संध्याकाळसाठी झिंगे आणतो म्हणत त्याने जाळं खांद्यावर टाकलं आणि शीळ घालत तो नदीची वाट चालू लागला. गोकुळा भरल्या डोळ्यांनी पाहत राहिली. ती शीळ तिने वर्षभर ऐकली नव्हती.

तो वळणाआड झाला आणि वच्छला परसात धावली. खाल्लेलं सगळं उलटून पडलं.

"काऊन वो, बाधला का?" गोकुळा तिची पाठ चोळू लागली.

"नाई, माय. दुसरा महिना लागला तवापासून मासोळीचा वासबी सहन होत नाई मले." वच्छलाने तोंड धुतलं. "बाबा डोंग्यात चढला का, ते पाहून ये आधी."