सुईची साक्ष

प्रयोगशाळेतल्या गोल नळीत फिरणारे आयन, म्हणजे विद्युतभारित अणू, थंड करायचे तर त्यांच्यासोबत इलेक्ट्रॉनांचा झोत सुतासारखा सरळ धावायला हवा. त्याला वाट दाखवणारं चुंबकी वेटोळं मी रचलं. आज तपासणीत त्यातली चुंबकसुई सरळ राहायच्या ऐवजी तिसऱ्यांदा झुकली. “बाई, डोकं पाळण्यात विसरलात का?” वेटोळ्याला खेटून उभे असलेले साहेब कडाडले. “हे उद्या भंगारात. तुम्ही पोर सांभाळा.” सगळे सहकारी फिदीफिदी हसले. लेकीला सासूबाईंकडे सोपवून सहा महिने मी एकेक वेढा तपासला होता. काल एकटीने मोजलं तेव्हा सुई सरळ होती. आज जवळ साहेबही होते. “साहेब, दोन पावलं मागे सरा.” “मला शिकवता?” पण ते सरकले. सुई सरळ झाली. “बुटांच्या टोकाला पोलाद आहे तुमच्या,” मी म्हणाले. दारावरच्या लोखंडबंदीच्या पाटीवर त्यांचीच सही होती. “मोजा पुन्हा,” ते गुरगुरले. “मोजते. आधी तुम्ही बाहेर व्हा.”