एका पेरावर तीन पानं

"अण्णा, आजूबाजूला काय दिसतंय ते सांगा."

"झुडूप आहे," फोनवर त्रिविक्रम म्हणाले. "सात-आठ फुटी."

"दुकानाची पाटी? बसथांबा?"

"एका पेरावर तीन पानं. देठ लालसर. पानांवर बारीक लव. लिहून घेताय ना?"

"घेतेय," शमिका म्हणाली. स्वतःच्या मुलीला ते अहो-जाहो करत होते.

सकाळी साडेदहाला अण्णांना सांभाळणारी कौशल्या पेज घेऊन खोलीत गेली, तर अण्णा नव्हते. राजाजीनगरच्या त्यांच्या घराचं फाटक सताड उघडं होतं. मारतहळ्ळीच्या ऑफिसातून शमिकाला पोचायला दीड तास लागला. आता तीन वाजून गेले होते.

त्रिविक्रम चाळीस वर्षं वनस्पतिशास्त्राच्या संशोधनात होते. वर्षभरात त्यांचं वार-तारीख विसरणं सुरू झालं, मग जेवलो की नाही तेही. झाडं तेवढी शाबूत राहिली. फोन साधा, बटणांचा. टॉवरवरून शोधायला संध्याकाळ होईल, असं पोलीस म्हणाले होते.

"फुलं कशी आहेत?" तिने विचारलं. फोन चालू राहावा, एवढ्यासाठीच.

"नळीसारखी, केशरी-लाल. फळं आधी हिरवी, मग तांबडी, पिकली की काळी. इकडचं नव्हे हे. मूळचं अमेरिकेतलं, उष्ण भागातलं. शिंजीर पक्षी येतात याच्यावर मधाला."

कौशल्याच्या फोनवरून तिने उल्काताईंना गाठलं. त्या अण्णांच्या जुन्या विद्यार्थिनी. वर्णन ऐकून त्यांनी लगेच ओळखलं.

"हॅमेलिया गं. पण त्याने काय कळणार? अख्ख्या बेंगळुरूत कुंपणाकुंपणाला, पार्कापार्कात लावलंय ते."

तेवढ्यात ओळखीचा रिक्षावाला देवाप्पा रिक्षा घेऊन परतला. यशवंतपूर स्टेशनचे सगळे फलाट तो पाहून आला होता.

"इल्ला अक्का, कुठेच नाहीत," तो म्हणाला, आणि रिक्षाची काच पुसत राहिला.

शमिकाने हातातला कागद पाहिला. पान, देठ, फूल, फळ. एकही शब्द चुकलेला नव्हता आणि त्यातला एकही कामाचा नव्हता.

फोनमध्ये टुक असा आवाज झाला. त्यांची बॅटरी संपत आली होती.

ती दाराबाहेरच्या पायरीवरच बसली. रडू आवरेना.

"अण्णा, मी येते तुम्हाला न्यायला. फक्त कुणाला तरी पत्ता विचारा. कुणीही दिसलं तरी चालेल."

फोनमध्ये पानं बाजूला सारल्याची सळसळ झाली.

"माणसं फारशी नाहीत इथे," त्रिविक्रम आवाज खाली आणून म्हणाले. "रस्त्यापलीकडच्या घराच्या पायरीवर एक बाई आहे. फोन कानाला लावून रडतेय बिचारी. तिला आत्ता विचारणं बरं दिसेल का?"