हलका हात

केस धुऊन-कापून आणल्यापासून कुत्रा थरथरत होता. रुग्णालयात तीस वर्षं घाबरलेली माणसं शांत करणाऱ्या आत्याची मात्रा त्याच्यापुढे चालेना. सकाळपासून तो पाण्याला तोंड लावत नव्हता, अंगाला हात लावू देत नव्हता. जीव मुठीत धरून कपाटाला चिकटून उभा होता.

"आत्या, डॉक्टरांना बोलावू का?" भाचीने दारातून हळूच विचारलं.

"थांब. त्याच्या पाठीकडे बघ."

भर दुपारच्या उजेडात कुत्र्याच्या मानेवरचे केस दुभंगले आणि शेपटीपर्यंत सरळ भांग पडत गेला. मग त्याच्याशेजारी दुसरा. पंखा बंद होता, खिडक्याही बंद होत्या.

कुत्रा दचकला, तशी ती न दिसणारी फणी थांबली. त्याची धाप कमी होईपर्यंत थांबली, मग कानामागून अलगद पुन्हा सुरू झाली. गुंता लागला की मुळाशी धरून सोडवत होती, ओढत नव्हती. आत्या घाबरायचं विसरून बघत राहिली. इतकी माया तिने कुणाच्या हातात पाहिली नव्हती.

"काय हात आहे गं!" ती पुटपुटली.

कुत्र्याने अंग सैल सोडलं आणि तो लपालपा पाणी प्यायला. केस स्थिर झाले.

"सुटले बाई," म्हणत आत्या वळली. भाची पांढरीफटक पडून तिच्या डोक्याकडे बघत होती.

आत्याच्या अंबाड्यातला आकडा अलगद निघाला. ती शहारली, तशी फणी मानेपाशी थांबली, आणि तिची धाप कमी व्हायची वाट बघू लागली.