वाढत्या अंगाचा सदरा

यंदा शाळेत निघालेली चिंगी गणवेशाच्या दुकानात सदऱ्यात शिरली ती शिरलीच. डोक्यावरची रिबीन तेवढी बाहेर आली. खिसा गुडघ्यावर गेला आणि बाह्या फरशी पुसू लागल्या.

"बरोब्बर! वाढतं अंग आहे," आत्याबाईंनी निकाल दिला.

"आत्या, यात पळता नाही येत," सदऱ्यातून आवाज आला.

"शाळेत काय पळायला चाललीस? गप्प उभी राहा!"

चिंगीने कॉलरमधून बाबांकडे पाहिलं. त्यांच्या अंगात लग्नातला कोट होता. तोही आत्याबाईंनीच, धाकट्या भावाचं वाढतं अंग म्हणून, ऐसपैस शिवून घेतलेला. बोटं अजून बाहीबाहेर पोचली नव्हती.

"बाबा, तुम्ही कधी वाढणार?"

दुकानदाराने हसू गिळलं. बाबांनी बाह्यांत चाचपून स्वतःचे हात शोधून काढले आणि विहिरीतली बादली ओढावी तसं चिंगीला सदऱ्यातून वर ओढलं.

"हिच्या मापाचा दाखवा," ते म्हणाले. "आणि ताई, तू गप्प उभी राहा."