पडद्यासमोरचे नियम

“ताठ बसूचां. मधीच बोलूचां नाय. आणि घरातलां भायर काडूचां नाय. पाद्रीकडे कुमसाराक जातंस मां, तसां वागूचां. आपलां पाप सांगूचां, दुसऱ्याचां नाय.”

कट्टा गावच्या सायबर कॅफेतल्या त्या खुराड्याएवढ्या केबिनमध्ये ॲनीने लेकीच्या फ्रॉकची कॉलर पुन्हा एकदा सरळ केली. ॲनी बालवाडीची शिक्षिका. शिस्त अंगात मुरलेली. ग्लिनिसने मान डोलावली. मे महिन्यात धाकटा लिओन खाडीत बुडाला, तेव्हापासून पोर मान डोलावण्यापलीकडे फारसं काही करतच नव्हती. म्हणून तर मुंबईच्या समुपदेशक बाईंशी कॉम्प्युटरवरून बोलणं ठरवलं होतं.

बाईंनी फोनवर त्यांचाही एक नियम सांगितला होता. मुलीला एकटीला बसवा, ऐकायला कोणी नको. ॲनीला तो मुळीच पटला नव्हता. नऊ वर्षांच्या पोरीला सायबर कॅफेत एकटं सोडायचं? मुंबईत बसून सांगायला काय जातंय! ॲनी मॉनिटरच्या मागे, कॅमेऱ्यात येणार नाही अशी, स्टुलावर बसली.

पडद्यावर बाई आल्या. “ग्लिनिस, अगं, तू दिसत नाहीस. मला नुसती खुर्ची दिसतेय.”

ग्लिनिस खुर्चीपुढे गुडघे टेकून, हात जोडून बसली होती. ॲनीला हसू आलं. वेडी पोर! कुठे कुमसार आणि कुठे कॉम्प्युटर. ती हातानेच ‘ऊठ’ म्हणणार, तेवढ्यात पोर बोलायला लागली. शाळेतल्या मराठीत, पाठ केल्यासारखी.

“मी लिओनचा हात सोडला. म्हणून तो बुडाला. मी माझ्या भावाला खाल्लं.”

ॲनीचा हात तसाच राहिला. शब्द तिचेच होते. मयताच्या दिवशी तिच्या तोंडून निघाले होते, आणि नंतरही निघत राहिले होते.

“असं कोण म्हणालं तुला?” बाईंनी हळूच विचारलं.

ग्लिनिसने मॉनिटरच्या कडेने आईकडे पाहिलं. सांग, माझं नाव सांग, असं ॲनीला ओरडावंसं वाटलं. तिला स्वतःची किळस आली.

“कोणीच नाही, बाई,” ग्लिनिस म्हणाली.

बाहेर आल्यावर तिने विचारलं, “मम्मी, मिया एकय नियम मोडूक नाय मां?”

समोरून एसटी येत होती, रस्ता ओलांडायचा होता. ॲनीने हात पुढे केला. ग्लिनिसने तो दोन्ही हातांनी आवळून धरला, आणि पलीकडे पोचल्यावरही सोडला नाही.