समोरासमोरच्या वायरी

थोरल्या लेकीला जुळी झाली त्या वर्षीची गोष्ट. बाळं दवाखान्यातून घरी यायची होती ती सकाळ. आठ वाजले होते. मिस्त्रीने गाडीच्या नाकात हँडल घातलं, दम धरला आणि फिरवलं. गाडी ठो करून शिंकली. उघड्या बॉनेटमधून धूर निघाला.

"अकरावी," बायको शेडच्या दारातून म्हणाली. "दहाला सोडणार आहेत त्यांना."

"तू मोजू नकोस."

"मग कोण मोजणार? तुम्ही तर वाकलेले."

गाडी मिस्त्रीपेक्षा वयाने मोठी होती. इंजिन जुन्या घडणीचं, सपाट डोक्याचं. डोक्यात काही नाही, झडपा सगळ्या कुशीला. यावर बायकोला जे म्हणायचं होतं, ते ती लग्नानंतरच्या पहिल्याच वर्षी म्हणून मोकळी झाली होती.

नातवंडं माझ्या गाडीतून घरी येतील, असं मिस्त्रीने दवाखान्यात सगळ्यांदेखत सांगून ठेवलं होतं. गाडी चालू झाली नाही तर सोमवारी भंगारवाला येईल आणि शेडमध्ये पाळणे लागतील, असं बायकोनेही सगळ्यांदेखत सांगितलं होतं. जावईबापू समजूतदारपणे म्हणाले होते, "आमची गाडी आहेच की." ते 'आहेच की' मिस्त्रीला अजून सलत होतं.

बिघाड डिस्ट्रिब्युटरचा होता. चार प्लगना ज्याच्या त्याच्या वेळेला ठिणगी वाटून द्यायची, हे त्याचं काम. जुन्याचा दांडा झिजून डुगडुगायला लागला होता. खटपटी करून मिस्त्रीने तसाच दुसरा मिळवला. दांड्याच्या टोकाला एक जीभ असते, ती इंजिनातल्या खाचेत बसते. सुलटी बसते तशीच उलटीही बसते, आणि दोन्हीकडून सारखीच घट्ट. म्हणून मिस्त्रीने घाई केली नाही. पहिला पिस्टन वर आणला, खुणा जुळवल्या, जीभ सुलटी बसल्याची दोनदा खात्री केली. मग जुन्या डिस्ट्रिब्युटरच्या टोपीवर ज्या भोकात ज्या प्लगची वायर होती, तीच नव्या टोपीवर त्याच भोकात खोचली.

दुसऱ्या कुणाची गाडी असती तर वायरीही तपासल्या असत्या. पण जुना डिस्ट्रिब्युटर त्याने स्वतः बसवला होता, लग्नाच्या साली. उस्तादांच्या हाताखालचं ते त्याचं पहिलं एकट्याने केलेलं काम. पहिल्या हँडलला गाडी चालू झाली होती. उस्ताद कुणाची तारीफ करणारे नव्हेत. त्यांनी फक्त एकदा मान डोलावली होती. ती मान घरातल्या सगळ्यांना पाठ होती. जावईबापूंनी ती पहिल्याच भेटीत दोनदा ऐकली होती.

"नवा मालच खोटा दिसतोय," मिस्त्री म्हणाला.

"काल बॅटरी खोटी होती. परवा पेट्रोल."

तो कोपऱ्यातल्या नळावर हात धुवायला गेला आणि जरा जास्तच वेळ धूत राहिला. परत आला तेव्हा बायको पदर खोचून बॉनेटमध्ये वाकली होती.

"हात नको लावूस."

"लावून झाला. मारा हँडल."

गाडी पहिल्या फटक्यात चालू झाली. शेडचा पत्रा थरथरला. मिस्त्री हँडल हातात धरून तसाच उभा राहिला. मग त्याने टोपीकडे पाहिलं. प्रत्येक वायर आपलं भोक सोडून बरोबर समोरच्या भोकात गेली होती. बायकोची बोटं काळी झाली होती.

"तुला कुणी शिकवलं?"

"उस्तादांनी. लग्नाच्या साली." ती बोटं पुसत राहिली. "तुम्ही उलटा बसवला होतात तो. आणि हँडल मारायच्या आधीच गल्लीत सांगायला गेलात, की बसवला म्हणून. मी टॉर्च धरून उभी होते. उस्ताद आले, वाकून बघितलं, म्हणाले, आता काढून परत बसवायला वेळ नाही, पोरगा सगळ्यांना घेऊन येतोय. चारी वायरी त्यांनी समोरासमोर बदलल्या आणि बाजूला जाऊन बसले."

"आणि मान?"

"ती बदलून झाल्यावर."

मिस्त्री मडगार्डवर टेकला. इंजिन एका लयीत चालत होतं, जसं गेली चौतीस वर्षं चाललं होतं.

"आजवर बोलली नाहीस."

"शब्द घेतला होता त्यांनी. मी आहे तोवर त्याला सांगू नकोस, म्हणाले. कळलं तर कायमचा हात कचरेल त्याचा."

दहाला पाच मिनिटं कमी असताना गाडी दवाखान्याच्या दाराशी उभी राहिली. वाटेत मिस्त्री मनात कसलातरी हिशेब करत होता, दोनदा गिअर चुकला. जावईबापू एक बाळ घेऊन पायऱ्या उतरले.

"चालू झाली म्हणायची. त्रास नाही ना दिला?"

"छे," मिस्त्री सवयीने म्हणाला. "पहिल्या..." आणि थांबला. त्याने बायकोकडे पाहिलं.

तिने दुसरं बाळ खांद्यावर घेतलं होतं. तिने फक्त एकदा मान डोलावली.

"पहिल्या फटक्यात," मिस्त्री म्हणाला.

उस्ताद थोरलीच्या लग्नाच्या साली वारले होते. त्या लग्नाला आता नऊ वर्षं झाली होती, आणि ती शब्दातून मोकळी झाल्यालाही.